वीतभर माती

नाना, तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणे. बबन नेवाशाहून परत आला तो थेट माझ्याकडे हे सांगायला. प्रवरेच्या काठी तुमच्या थोरल्याने पिंड मांडले, हात जोडून दोन पावलं मागे सरला, तोवर कावळा हजर. "नानांचं मागं काईच ऱ्हायलं नव्हतं बगा," बबन म्हणाला. गावातही दोन दिवस हीच चर्चा होती, आणि प्रत्येक जण ती मान डोलावून करत होता. मला मात्र राग आला. तुमचं काही राहिलं नसेल, माझं राहिलं होतं. आपलं भांडण अर्ध्यात टाकून तुम्ही उठून गेलात, आणि वर त्या कावळ्यालाही जरा ताटकळत ठेवलं नाहीत.

आज तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. नववीच्या निबंधांचा गठ्ठा समोर आहे, तो बाजूला सारून हे लिहिते आहे. तुम्हाला सहीपुरतंच अक्षर येत होतं, तेव्हा हे तुम्ही वाचणार नव्हतातच. मीच पडवीत बसून वाचून दाखवलं असतं, आणि तुम्ही अडकित्त्याने सुपारी कातरत मध्येच म्हणाला असता, "बाई, मुद्द्याचं कवा येनार?"

येते, नाना. पण माझ्या पद्धतीने येते.

बाहत्तर साली पाऊस पाठ फिरवून गेला आणि गावातली निम्मी पोरं शाळा सोडून दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली. मी नगरहून बदलून आलेली, मराठी शिकवणारी, गावाला नवी. मी हेडमास्तरांना म्हटलं, रविवारी काम बंद असतं तर या मुलांना दोन तास बसवते, लिहिणं-वाचणं तरी विसरणार नाहीत. पहिल्या रविवारी चार जण आले. त्यातला एक झोपला. दुसऱ्या रविवारी तुम्ही आलात, बोलावलं नसताना. डोक्याला पटका, हातात ओळंबा, आणि दारातूनच म्हणालात, "बाई, नुसत्या पुस्तकावर पोरं यायची न्हाईत. हाताला काय तरी द्या. मी देतो, माझ्याकडं गवंडीकाम हाय." तीस वर्षं तुम्ही कालव्यांवर आणि धरणांवर भिंती बांधल्या होत्या. मला वाटलं, म्हाताऱ्याचा वेळ जात नाही.

महिन्याभरात आपल्या या रविवारच्या मंडळात पंधरा पोरं झाली. त्यात पाच मुली, आणि त्या मात्र माझ्यामुळे आल्या, हे तुम्ही मोकळेपणाने सगळ्यांना सांगायचात. पण त्यांच्या घरच्यांशी बोलायला तुम्हीच गेला होतात, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते. त्यातल्या हिराचा बाप दारातच आडवा आला होता, तरण्या पोरी पोरांबरोबर मोजमाप करत हिंडणार म्हणजे काय, म्हणून. तुम्ही त्याच्या ओट्यावर बसलात, पाणी मागितलंत आणि पाऊण तास फक्त त्याच्या बैलाबद्दल बोललात. उठताना म्हणालात, "रविवारी पोरीला धाड. मी हाय तितं." त्याने धाडली.

आपलं भांडण पहिल्याच महिन्यात सुरू झालं. बबन शाळेच्या मागे ओटा बांधत होता. एक बाजू खाली चालली आहे हे मला लांबूनही दिसत होतं, तर तुम्हाला काय दिसत नव्हतं? तुम्ही बाभळीखाली बसून तंबाखू मळत होतात. मी म्हटलं, "नाना, त्याला सांगा ना." तुम्ही म्हणालात, "त्यानं इचारलं न्हाई अजून." ओटा पुरा झाला. मग तुम्ही बबनला एक तांब्या पाणी आणायला लावलंत आणि ओट्यावर ओतायला सांगितलंत. सगळं पाणी एका कोपऱ्यातून घळाघळा खाली आलं. पोरं हसली, बबन काळवंडला, आणि दुपारभर त्याने स्वतःच्या हाताने तो ओटा उकलला. मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. चुना वाया गेला, दगड वाया गेले, पोराचा रविवार वाया गेला. तुम्ही म्हणालात, "दगड तितंच हायेत, बाई."

मला चूक दिसली की हात शिवशिवतात. दोष नाही, धंदाच तो. लग्नपत्रिका आली तरी मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते. गेल्या अकरा वर्षांत मी किती वह्या लाल केल्या असतील देव जाणे. तुम्ही एकदा विचारलंत, "तुमची ती तांबड्या शाईची दौत कवा सरायची?" मी चिडून म्हटलं, "मुलं चुकायची थांबतील तेव्हा." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मी म्हणायची, वेळेवर दुरुस्त केलं की मूल शिकतं. तुम्ही म्हणायचात, चुकू द्यावं, फक्त लांब जाऊ नये. दर रविवारी हे असं. पोरांना सवय झाली होती. आपलं जुंपलं की ती गुपचूप कामाला लागायची.

मग आला गायरानातला बांध. गावविहिरीच्या वरच्या अंगाला उताराचं गायरान, तिथे बांध घातला तर पुढच्या पावसाचं पाणी अडेल, मुरेल, विहिरीला येईल. कल्पना तुमची. काम मंडळाचं. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी जाहीर केलंत की आखणी हिरा करील. मी तिथेच नाक मुरडलं. सतरा वर्षांची, सातवीतून शाळा सोडलेली पोर, तिच्या आखणीवर गाव खणणार!

पाणसळ तुम्ही शिकवली ती मला आजही तोंडपाठ आहे. शेवगावच्या बाजारातून आणलेली लांब प्लॅस्टिकची नळी, तिच्यात चिमूटभर नीळ घातलेलं पाणी. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, दोन्हींवर छातीइतक्या उंचीवर कोयत्याने पाडलेली खाच. दोघांनी दोन काठ्या जमिनीवर उभ्या धरायच्या आणि नळीची टोकं काठ्यांना लावायची. दोन्हीकडे निळं पाणी बरोबर खाचेला आलं की दोघांच्या पायाखालची जमीन एका पातळीत. तिथे खुंटी ठोकायची आणि पुढे जायचं. अशा खुंट्यांवरून बांध घातला की पाणी कुठल्या एका टोकाला धाव घेत नाही, बांधभर सारखं उभं राहतं. पाण्याशी खोटं बोलता येत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

त्या शनिवारी खडीचं काम सुटल्यावर हिरा आणि बबनने आखणी केली. मी कडेला उभी होते. शेवटच्या तीन खुंट्यांच्या वेळी बबन कसल्याशा नकला करत होता, हिरा हसत होती, तिच्या हातातली काठी हलत होती. तुम्ही काही बोलला नाहीत. ती सगळी घरी गेल्यावरही मी तिथेच होते. माझ्या डोळ्याला त्या तीन खुंट्या चढावर गेल्यासारख्या दिसत होत्या. उद्या सकाळी पंधरा पोरं खणायला येणार, दुष्काळात अर्धपोटी पोरं, आणि चुकीच्या रेघेवर घाम गाळणार. मला राहवेना.

मी शाळेतून नळी आणि काठ्या परत आणल्या. अजून उजेड होता. दुसरी काठी धरायला कोणी नव्हतं, म्हणून शेवटून चौथ्या खुंटीपाशी पहारीने भोक पाडून ती रोवली, नळीचं टोक तिला सुतळीने बांधलं, आणि दुसरी काठी घेऊन पुढच्या खुंट्यांपाशी गेले. या टोकाचं पाणी बघायचं, पळत त्या टोकाला जायचं, पुन्हा इकडे यायचं. पदर खोचलेला, चपलेत खडे. आणि माझाच संशय खरा निघाला. तिन्ही खुंट्यांपाशी पाणी खाचेच्या वीतभर खाली. म्हणजे तिथली जमीन वीतभर उंच. पोरांनी खुंट्या चढावर ठोकल्या होत्या. मी त्या उपटल्या, तीन-चार पावलं खाली, पाणी खाचेला आलं तिथे ठोकल्या, आणि हात झटकून घरी गेले. रविवारी तुम्हा सगळ्यांसमोर यायचा धीर होईना, म्हणून शेवगावला कामाचं निमित्त काढलं. दुपारी परतले तेव्हा निम्मा बांध उभा राहिला होता. उघड्या माळावर कुठली खुंटी कुठे होती, याची खूण कसली असणार? खुंट्यांवरून मातीची रांग सरळ चालली होती आणि मी मनात म्हटलं, वाचवलं.

पुढच्या वर्षी हस्ताचा पाऊस दोन दिवस लागून पडला. तिसऱ्या दिवशी सगळं गाव गायरानात. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याने भरला होता आणि कुठे एक ढेकूळ हललं नव्हतं. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होतात, "हिरानं आखलाय." हिरा पदराने तोंड पुसत होती, पुसून पुसून परत ओलं होत होतं. मी हसऱ्या चेहऱ्याने उभी होते आणि आतून म्हणत होते, शेवटच्या तीन खुंट्या माझ्या आहेत. खोटं कशाला बोलू, नाना, मला अभिमान वाटत होता. आणि हिराकडे बघवत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी.

सांगायचं होतं तुम्हाला. दिवाळीत सांगायचं होतं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले तेव्हा तर वाक्यसुद्धा जुळवून आणलं होतं. पण सांगितलं असतं तर आपल्या भांडणात मी जिंकले असते, आणि हिरा हरली असती. आणि असंही होतं की चोरून केल्याचं सांगायला तोंड नव्हतं. तुम्ही अंथरुणाला खिळलात त्या आठवड्यात मी रोज येत होते. एका दुपारी नानी पाणी आणायला आत गेली आणि तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "बाई, काय बोलायचं हाय का?"

मी म्हटलं, "नाही हो. औषध घेतलंत का?"

तुम्ही म्हणालात, "बरं. सवडीनं." आणि कूस बदललीत. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमचा दहावा झाला त्याच संध्याकाळी हिरा सांगायला आली की शेजारच्या गावचे लोक येऊन गेले. त्यांना तसाच बांध घालायचा आहे, आणि आखणीला हिरा आणि बबन हवे आहेत. त्यांच्या बांधाच्या खाली वस्ती आहे, नाना. दहा-बारा घरं. हिराचे डोळे रडून सुजलेले होते आणि तरी त्यात काहीतरी लखलखत होतं. "नाना आसते तर," एवढंच म्हणाली.

त्या रात्री मला झोप नाही. हिराची आखणी वीतभर चुकते, हे जगात मला एकटीला माहीत. तिच्या भरवशावर बांध उभा राहणार, आणि एखाद्या रात्री पाणी खालच्या टोकाला गोळा होऊन बांध फुटणार, त्या वस्तीवर. सांगावं तर ही पोर मोडणार. तिच्याकडे त्या एका बांधाशिवाय दुसरं आहे काय? लाल शाईने मी खूप काही खोडलं आहे, पण माणूस खोडायची वेळ पहिल्यांदा आली होती. आणि सल्ला विचारायचा तो माणूस प्रवरेच्या काठी राख होऊन गेला होता.

सकाळी दोघांना तुमच्या पडवीत बोलावलं. तुमची बाजेची जागा रिकामी होती, तिथे कोणी बसलं नाही. मी सगळं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी परत गेले, मोजलं, तीन खुंट्या उपटून खाली ठोकल्या, कुणाला बोलले नाही. सांगताना मी जमिनीकडे बघत होते. सांगून संपलं. वर बघितलं तर बबन तोंडावर हात दाबून बसला होता आणि हिरा त्याला कोपराने ढोसत होती.

"बाई," हिरा म्हणाली, "आमाला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

"रईवारी सकाळी आलो तर तीन खुंट्या खाली सरकल्याल्या. ह्यो बबन म्हनला, शेळ्या लागल्या आसतील. नाना म्हनले, शेळीच्या पायात टाचंची चप्पल आसती व्हय?"

बबन म्हणाला, "गावात टाचंची चप्पल तुमचीच हाय, बाई."

"मंग नानांनी काठ्या मागितल्या," हिरा सांगू लागली. "एक काठी उलटी करून दावली. बुडाला वीतभर माती. चौथ्या खुंटीपशी भोक बी हुतं. नाना म्हनले, आता इचार करून सांगा, काय झालं आसंल. लई येळ कुनाला सुदरना. मंग मला सुदरलं. तुमी एकट्या हुत्या. काठी धराया कुनी नव्हतं, म्हनून तुमी ती रोवली. रोवली की खाच वीतभर खाली गेली. म्हनून तुमाला पानी खाली दिसलं."

नाना, मी मराठीची शिक्षिका. पण एवढं समजायला मला गणिताचं पुस्तक लागायला नको होतं. हिराने बोटाने जमिनीवर काठी काढून दाखवली, तिचं बूड मातीखाली. जमीन उंच नव्हती. माझी काठी खाली होती.

"मग?" मी विचारलं.

"मंग नाना म्हनले, पुन्यांदा मोजा. बाईंचं बरुबर निघालं तर बाईंचं ठिवा, तुमचं निघालं तर तुमचं. आमी मोजलं. आमचं निघालं. खुंट्या परत व्हत्या तितं ठोकल्या आन खनाया लागलो."

म्हणजे तो बांध हिराचाच. अख्खा. पहिल्या खुंटीपासून शेवटच्यापर्यंत. आणि माझ्या रेघेवर घातला असता तर शेवटच्या टोकाला वीतभर उतार राहिला असता, आणि हस्ताच्या पावसात तो तिथेच फुटला असता. मी वर्षभर जी गोष्ट मनात कुरवाळत होते, ती अशी होती.

"मला का नाही बोललात?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी बबन म्हणाला, "नानांनी बजावलं हुतं. बाईंना कुनी हटकायचं न्हाई. त्या आपल्या आपन सांगतील, म्हनले. मंग कवा कवा इचारायचे, सांगितलं का गं बाईंनी? पाऊस झाल्यावर इचारलं. दिवाळीत इचारलं."

"आन शेवटी?" हे विचारताना मीही त्यांच्यासारखीच बोलले, बघा.

"शेवटी आमीच म्हनलो, नाना, आता न्हाई सांगत त्या," हिरा म्हणाली. "तर म्हनले, सांगतील. घाई काय हाय."

मी तुमच्या पडवीत दोन पोरांसमोर मोठ्याने रडले. नानी बाहेर आली आणि शेजारी बसून राहिली. लाज वाटली, ती तर वाटलीच. पण तुम्ही त्या दुपारी डोळे उघडून विचारलंत तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि मी औषधाचं विचारत बसले, याचं जास्त लागलं. वर्षभर तुम्ही माझ्याजवळ थांबला होतात आणि मला पत्ता नव्हता. मला वाटत होतं, आपण दोघं मिळून पोरं शिकवतो आहोत. तुमच्या हिशेबी मंडळात पंधरा नव्हे, सोळा जण होते. आईवडिलांनी, कॉलेजच्या प्राध्यापकांनी, तपासणीला येणाऱ्या साहेबांनी, माझी चूक दिसल्याबरोबर मला सांगितली आहे. माझी वाट कुणी बघितली नव्हती.

रडणं थांबल्यावर हिरा म्हणाली, "बाई, तुमी बी चला की रईवारी. काठी धराया मानूस लागतंय." तिने ते दया म्हणून म्हटलं नाही. खरंच माणूस लागत होतं.

परवाच्या रविवारी गेलो. तिथला उतार आपल्यापेक्षा कठीण, मध्ये खडक. हिराने आधी सगळा माळ चालून बघितला, तुमच्यासारखेच हात मागे बांधून. मग मला एक काठी दिली आणि जागा दाखवली. मी उभी राहिले. ऊन होतं, पाय दुखायला लागले. एकदा माझा हात जड झाला असेल, तर ती लांबूनच म्हणाली, "बाई, टेकवा नुसती. दाबू नका." मी काठी उचलली, परत टेकवली. नळीतलं पाणी हललं, वर गेलं, खाली आलं, खाचेपाशी थांबलं. बबनने खुंटी ठोकली. दुपारपर्यंत अकरा खुंट्या झाल्या, आणि त्यातली एकही कशी ठोकावी हे मी सांगितलं नाही. एक जागा मला पटत नव्हती. मी गप्प राहिले. हिरा पुढे गेली, थांबली, मागे वळून आली, तीच जागा परत मोजली आणि खुंटी हातभर सरकवली. त्या वेळी मला जे वाटलं, ते मला अकरा वर्षांच्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. तुम्हाला ते बाभळीखाली बसून दर रविवारी वाटत असणार. तंबाखू मळत बसायचात ते उगीच नाही.

काम आटोपल्यावर त्या गावच्या एका म्हाताऱ्याने पाण्याची कळशी आणली. हिराला दिलं, बबनला दिलं, मग माझ्याकडे बघून हिराला विचारलं, "आन ह्या कोन गं? हापिसातल्या बाई हायेत का?"

हिराने तांब्या खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्या आमच्यातल्याच. नानांच्या हाताखाली शिकल्यात."